खात्याचा पत्ता : पेढीपासून शाखारहित बँकेपर्यंत

बँकेतील खाते हे कायद्याच्या दृष्टीने एक ऋण असते. ठेवीदाराने भरलेली रक्कम त्याच क्षणी बँकेच्या मालकीची होते आणि मागणी येताच तेवढी रक्कम परत करण्याचे बंधन बँकेवर येते. म्हणजे सर्वसामान्य समजुतीत जो पैसा तिजोरीत जपून ठेवलेला असतो, तो प्रत्यक्षात बँकेच्या वहीत देणे म्हणून मांडलेला आकडा असतो. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ साली ‘फोली विरुद्ध हिल’ या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले, आणि १९२१ साली ‘जोअकिमसन विरुद्ध स्विस बँक कॉर्पोरेशन’ या खटल्यात तेथील अपील न्यायालयाने त्याला एक महत्त्वाची जोड दिली : ठेव परत मागायची ती ज्या शाखेत खाते आहे त्याच शाखेत मागितली पाहिजे. इंग्रजी कायद्याच्या छायेत वाढलेल्या भारतीय बँकव्यवहारातही हीच रीत रुळली. अशा प्रकारे एका अमूर्त ऋणाला गाव, रस्ता, इमारत आणि खिडकी असा पत्ता मिळाला, आणि विसाव्या शतकातील खातेदाराच्या मनात ‘बँक’ या शब्दाचा अर्थ हा पत्ताच होऊन बसला.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भारतातील खातेदारापुढे या पत्त्याला पर्याय उभा राहिला. मोबाइलवर काही मिनिटांत उघडणारे, किमान शिलकीची अट नसलेले आणि शाखेत पाऊल न ठेवता चालवता येणारे खाते निवडावे, की ओळखीच्या शाखेतील खाते राखावे, हा प्रश्न वरकरणी सोयीचा आणि व्याजदराचा वाटतो. मात्र पश्चिम भारतातील ठेव आणि उसनवारीचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न विश्वासाच्या रचनेचा आहे असे दिसते. पैसा दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या माणसाला चार गोष्टी लागतात : समोरचा आणि आपण कोण आहोत याची ओळख, व्यवहाराची खरी नोंद, बुडाल्यास परतफेडीची हमी, आणि अन्याय झाल्यास दाद मागण्याची जागा. शाखा ही या चारही गोष्टी एका छपराखाली आणणारी, सुमारे शतकभर टिकलेली व्यवस्था होती. शाखारहित बँकेचा इतिहास म्हणजे या चार गोष्टी एकेक करून त्या छपराखालून बाहेर कशा पडल्या, याचा इतिहास होय.

माणूस हाच पत्ता

पेशवाईतील पुण्यात सराफ आणि सावकार यांच्या पेढ्या होत्या, आणि त्यांच्यामार्फत सरकारी वसुलीपासून काशीयात्रेच्या खर्चापर्यंतचा पैसा दूरदूरच्या शहरांत पोचवला जात असे. पैसा प्रत्यक्ष न नेता तो पोचवण्याचे साधन म्हणजे हुंडी. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला किंवा आडत्याला ‘अमुक रक्कम अमुक माणसास द्यावी’ अशी लेखी आज्ञा दिली, की ती हुंडी होत असे. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी आणि ठरावीक मुदतीनंतर मिळणारी ती मुदती, असे तिचे दोन मुख्य प्रकार होते. पैसे कोणाला द्यायचे यावरूनही भेद केले जात : धनीजोग हुंडीचे पैसे तिच्या धन्याला मिळत, तर शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शाह’च्या हातीच दिले जात, म्हणजे अनोळखी माणसाला एखाद्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यामार्फतच ती वटवता येई.

शाहजोग हुंडीच्या या अटीत ओळखीचा प्रश्न ज्या पद्धतीने सोडवला आहे, ती पद्धत पुढे बँकेच्या खाते उघडण्याच्या अर्जापर्यंत टिकली : ओळख ही कागदाने पटत नसे, ती ओळखीच्या माणसाने पटवायची असे. नोंदीच्या बाबतीतही ही व्यवस्था सावध होती. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत काढली जाई, तिला पेठ म्हणत, आणि तीही हरवली तर निघणाऱ्या तिसऱ्या प्रतीला परपेठ म्हणत. पैसे देऊन झाले, की हुंडी रद्द होऊन तिचा ‘खोका’ होई आणि तो पेढीच्या दप्तरात पुरावा म्हणून राही. माहितीच्या एकाहून अधिक प्रती ठेवण्याची जी काळजी आजची संगणक केंद्रे घेतात, तिचे हे कागदी रूप होय. मात्र हमी आणि दाद या दोन्ही गोष्टी पेढीच्या पतीवर आणि व्यापारी समाजाच्या दबावावर अवलंबून होत्या. बाजारात बरोबरीने वावरणाऱ्या व्यापाऱ्याला त्या पुरत. ज्याची बाजारात पत नव्हती, त्याच्या वाट्याला यातले काहीच येत नसे.

रोख्यांची होळी आणि पासबुकाचा हक्क

ही विषमता १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी उघडी पडली. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील या बाजारपेठेच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि ही लाट पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील गावांत पसरली. दख्खनचे दंगे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उठावात जीवितहानीपेक्षा कागदांची हानी जास्त झाली, कारण शेतकऱ्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. त्या मिळाल्या तिथे जाळण्यात आल्या. कापसाच्या भावातील घसरण, सारावाढ आणि दिवाणी न्यायालयांतून होणारी वसुली ही या असंतोषाची व्यापक कारणे होती, परंतु त्याच्या मुळाशी नोंदीचा प्रश्नही होता. व्यवहाराची एकमेव नोंद सावकाराच्या हाती होती, ती ऋणकोला वाचता येत नव्हती, आणि न्यायालयात मात्र तीच पुरावा ठरत होती.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याची आठवण बहुधा जमिनीच्या जप्तीवरील निर्बंधांसाठी काढली जाते, पण ठेव आणि नोंदीच्या इतिहासात त्याचे आणखी एक महत्त्व आहे. शेतकरी ऋणकोला भरलेल्या रकमेची पावती मिळण्याचा, दरवर्षी हिशेबाचा उतारा मिळण्याचा आणि मागणी केल्यास पासबुकात वेळोवेळी हिशेब लिहून मिळण्याचा हक्क या कायद्याने दिला. नोंद एकाच पक्षाच्या कोठारात राहू नये, तिची प्रत दुसऱ्या पक्षाच्या घरी असावी, हा विचार येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत महाराष्ट्रातील शेतकऱ्यापर्यंत पोचला. पुढे टपाल खात्याच्या बचत बँकेने, जी १८८२ साली देशभर सुरू झाली, आणि त्यानंतर व्यापारी व सहकारी बँकांनी पासबुक घरोघर नेले, आणि कपाटातील दागिन्यांशेजारी त्याला जागा मिळाली.

शाखेचे शतक

आधुनिक बँकेची इमारत मुंबईत पेढ्यांच्या बरोबरीने उभी राहिली. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेत सरकारचे भागभांडवल होते, तरीही अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात आलेली कापसाची तेजी ओसरल्यावर १८६५ च्या शेअर घसरणीत ती खिळखिळी झाली आणि १८६८ साली तिचा कारभार गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. भव्य इमारत आणि सरकारी सहभाग यांमुळे ठेव सुरक्षित होत नाही, हा धडा मुंबईला इतक्या लवकर मिळाला होता. १९१३ पासूनच्या काही वर्षांत मुंबईच्या इंडियन स्पेसी बँकेसह देशातील अनेक बँका बुडाल्या, तेव्हा त्याच धड्याची उजळणी झाली.

या पडझडीच्या बाजूलाच स्थानिक ओळखीवर उभ्या राहिलेल्या संस्था वाढत होत्या. पुण्यात १९०६ साली कॉसमॉस, गिरगावात १९१८ साली सारस्वत यांसारख्या सहकारी संस्थांनी सभासद एकमेकांना ओळखतात याच भांडवलावर सुरुवात केली. प्राध्यापक वा. गो. काळे यांच्या पुढाकाराने १९३५ साली पुण्यात नोंदवली गेलेली बँक ऑफ महाराष्ट्र १९३६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. या बँकांत खाते उघडायचे, तर जुन्या खातेदाराची ओळखीदाखल सही लागत असे. म्हणजे शाहजोग हुंडीतील ‘शाह’ आता अर्जाच्या तळाशी एका रकान्यात येऊन बसला होता. आतमध्ये कीर्द आणि खतावणी, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही आणि त्यातून प्रत्येक खात्यावर उतरवलेली वही, या शाखेच्याच मालकीच्या होत्या. नमुना सही शाखेच्याच कपाटात होती. आणि पैसे काढणारा पितळी टोकन हाती घेऊन आपला क्रमांक पुकारला जाण्याची वाट पाहत बाकावर बसलेला असे. खाते दुसऱ्या गावच्या शाखेतून चालवणे अशक्य होते, आणि त्यामागे न्यायालयाच्या निर्णयाइतकेच हेही कारण होते की खात्याची वही त्या एकाच ठिकाणी होती.

१९६९ च्या जुलैमध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा देशात ८,२६२ शाखा होत्या, एका शाखेमागे सुमारे ६५ हजार लोक होते आणि जेमतेम २२ टक्के शाखा ग्रामीण भागात होत्या. त्याच वर्षी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय दृष्टिकोनाची शिफारस केली, त्यातून प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेवर सोपवणारी अग्रणी बँक योजना आली. १९७७ ते १९९० या काळात बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा काढायची, तर बँक नसलेल्या ठिकाणी चार काढाव्या लागतील असा नियम होता. परिणामी १९९० पर्यंत शाखांची संख्या साठ हजारांच्या आसपास गेली आणि एका शाखेमागील लोकसंख्या सुमारे १४ हजारांवर आली. तालुक्याच्या गावातील शाखा ही शासनाची आर्थिक उपस्थिती ठरली, आणि तिथल्या व्यवस्थापकाला तहसीलदाराच्या बरोबरीचा मान मिळू लागला.

तरीही शाखेचे हे शतक पूर्णपणे शाखेचे नव्हते. गिरणगावातील कामगार कोकणात घरी पैसे पाठवत ते बहुतेक मनीऑर्डरने, आणि त्यांच्या गावच्या घरांसाठी बँक म्हणजे दारात येणारा पोस्टमन होता. उडुपीच्या ज्या संस्थेचे पुढे सिंडिकेट बँक असे नामांतर झाले, तिने १९२८ साली पिग्मी ठेव योजना काढली. तिचे प्रतिनिधी रोज घरोघरी आणि दुकानोदुकानी जाऊन दोन आण्यांसारख्या लहान रकमाही गोळा करीत. महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था यांनी ही पद्धत आपलीशी केली, आणि भाजीवाला, पानवाला, शिंपी अशा हजारो लहान व्यावसायिकांनी शाखेची पायरी न चढता वर्षानुवर्षे बचत केली. त्यांच्या दृष्टीने बँक म्हणजे संध्याकाळी येणारा पिग्मी एजंट होता. शाखेविना बँकव्यवहार हा मोबाइलचा शोध नाही. मोबाइलने त्यातील माणूस मात्र काढून घेतला.

नोंद आणि ओळख शाखेबाहेर पडते

चार आधारांपैकी नोंद सर्वांत आधी शाखेबाहेर गेली. रिझर्व्ह बँकेने सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समित्यांनी १९८४ आणि १९८९ साली बँकांच्या संगणकीकरणाचे आराखडे दिले. कर्मचारी संघटनांचा विरोध आणि त्यांच्याशी झालेले करार यांमधून वाट काढत प्रथम खतावणी लिहिणारी यंत्रे आली, मग पूर्ण शाखेचे संगणकीकरण झाले, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोअर बँकिंग, म्हणजे सर्व शाखांतील सर्व खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर ठेवण्याची पद्धत, बहुतेक मोठ्या बँकांत स्थिरावली. एचएसबीसीने १९८७ साली मुंबईत भारतातील पहिले एटीएम बसवले, तेव्हा ते शाखेचे एक उपकरण होते. कोअर बँकिंगनंतर शाखा हीच मध्यवर्ती नोंदीचे एक उपकरण झाली. १९२१ च्या निर्णयाने खात्याला दिलेला पत्ता पासबुकाच्या पहिल्या पानावर छापला जात राहिला, पण त्या पत्त्यावर खात्याची वही उरली नव्हती.

याच काळात परदेशात शाखेला पूर्ण फाटा देणाऱ्या बँका निघाल्या. अनेक खातेदार शाखेत क्वचितच येतात हे ओळखून ब्रिटनच्या मिडलँड बँकेने १ ऑक्टोबर १९८९ रोजी लीड्स येथून फर्स्ट डायरेक्ट ही चोवीस तास चालणारी, केवळ दूरध्वनीवरील बँक सुरू केली. अमेरिकेत १८ ऑक्टोबर १९९५ रोजी सिक्युरिटी फर्स्ट नेटवर्क बँक ही केवळ इंटरनेटवरील बँक उघडली, आणि तिच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर बँकेच्या दालनाचे चित्र रेखाटलेले होते, जणू खातेदाराला इमारतीची सवय सोडवताना तिचे चित्र तरी हाती ठेवावे. ती बँक १९९८ साली रॉयल बँक ऑफ कॅनडाने विकत घेतली.

भारतात रिझर्व्ह बँकेने १४ जून २००१ रोजी इंटरनेट बँकिंगची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत दोन गोष्टी ठळक होत्या. भारतात परवाना आणि प्रत्यक्ष अस्तित्व असलेल्या बँकांनाच ही सेवा देता येणार होती. आणि खाते उघडण्याची विनंती इंटरनेटवर स्वीकारता आली, तरी रीतसर ओळख आणि प्रत्यक्ष पडताळणी झाल्याशिवाय खाते उघडता येणार नव्हते. म्हणजे नोंद तारेवरून पळू लागली असतानाही ओळख मात्र माणसाने माणसाची पटवावी, हा पेढीच्या काळातला आग्रह नियामकाने सोडला नव्हता. २००२ पासून रुळलेल्या केवायसीने, म्हणजे ‘आपला ग्राहक ओळखा’ या नियमावलीने, ओळखीच्या सहीऐवजी कागदपत्रांना महत्त्व दिले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले, आणि पुढे काही वर्षांत आधारवर आधारित ई-केवायसी खाते उघडण्यासाठी चालू लागले. मोबाइलवर आलेल्या ओटीपीने, म्हणजे एकदाच वापरायच्या सांकेतिक क्रमांकाने, उघडलेल्या खात्यांवर एक लाख रुपये शिलकीची आणि एका वर्षात पूर्ण पडताळणीची मर्यादा होती. ९ जानेवारी २०२० रोजी थेट व्हिडिओ संवादाद्वारे ग्राहकाची पडताळणी करण्यास परवानगी मिळाली आणि प्रत्यक्ष भेटीची शेवटची अटही गळून पडली. ज्या ओळखीसाठी एके काळी बाजारातला ‘शाह’ लागत असे, ती आता मोबाइलचा कॅमेरा आणि सरकारी नोंदवही यांच्या मेळातून पटू लागली.

हमीचा लांबलेला प्रवास

हमीचा इतिहास याहून जुना आणि अधिक वेदनादायी आहे. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक या बुडाल्या, आणि त्यानंतर ठेवविम्याचा कायदा होऊन १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा महामंडळ कामाला लागले. अमेरिकेनंतर अशी राष्ट्रीय व्यवस्था उभारणारा भारत हा दुसरा देश ठरला. आरंभी प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे १,५०० रुपयांचे संरक्षण होते. ते १९९३ साली एक लाखावर गेले आणि त्यानंतर सत्तावीस वर्षे तिथेच अडकून राहिले.

ते पुढे सरकले ते आणखी एका संकटानंतर. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि प्रत्येक खात्यातून प्रथम केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा दिली. या बँकेला शाखा होत्या, ओळखीचे कर्मचारी होते, पासबुके होती, आणि तरीही मुंबई परिसरातील असंख्य घरांची आयुष्याची बचत बंद दारामागे राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा पाच लाखांवर नेण्यात आली; २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली; आणि जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा पाच लाखांपलीकडील ठेवींच्या परतफेडीचे टप्पे दहा वर्षांपर्यंत लांबवण्यात आले.

या घटनेशेजारी आइससेव्हची घटना ठेवली, तर हमी आणि पत्ता यांतला फरक स्पष्ट होतो. आइसलंडच्या लँड्सबांकी या बँकेने २००६ साली ब्रिटनमध्ये आइससेव्ह नावाची केवळ इंटरनेटवर चालणारी बचत खाती सुरू केली, आणि चढ्या व्याजामुळे तीन लाखांहून अधिक ब्रिटिश ठेवीदार तिच्याकडे आले. ऑक्टोबर २००८ मध्ये बँक कोसळली तेव्हा ठेवीदारांना कळले ते एवढेच, की संकेतस्थळावर खाते उघडत नाही. जाऊन उभे राहायला त्यांना दार नव्हते, ओळखीचा व्यवस्थापक नव्हता, आणि त्यांची बँक ज्या देशाची होती तो देशच संकटात होता. तरीही ब्रिटिश सरकारने किरकोळ ठेवीदारांची पूर्ण रक्कम देण्याची जबाबदारी घेतली, आणि त्यांना पैसे मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली नाही. त्या रकमेचा भार कोणी सोसायचा यावर ब्रिटन आणि आइसलंड यांच्यात सुरू झालेला वाद आइसलंडमधील दोन सार्वमतांतून जाऊन जानेवारी २०१३ मध्ये एफ्टाच्या, म्हणजे युरोपीय मुक्त व्यापार संघाच्या, न्यायालयाच्या निकालाने संपला. मुंबईच्या ठेवीदारांना दार होते पण हमी तोकडी होती. ब्रिटिश ठेवीदारांना दार नव्हते पण हमी पुरेशी ठरली. ठेव सुरक्षित राहते ती कायद्याने आणि पर्यवेक्षणाने, हे या दोन घटनांतून दिसते.

भारतीय खातेदारापुढची निवड

या पार्श्वभूमीवर भारतातील ‘ऑनलाइन बँक’ या शब्दाचा नेमका अर्थ पाहणे गरजेचे ठरते, कारण केवळ ऑनलाइन चालणाऱ्या पूर्ण बँकेसाठी वेगळा परवाना भारतात दिला गेलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये डीबीएसने मुंबईत आणलेले डिजिबँक आणि मार्च २०१७ मध्ये कोटक महिंद्रा बँकेने आणलेले ८११, ज्याच्या नावात ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीची तारीख आहे, ही परवानाधारक बँकांचीच शाखारहित दालने होत. दुसरा गट निओबँकांचा. या कंपन्या आकर्षक अॅप आणि सेवा देतात, परंतु खाते आणि ठेव त्यांच्या भागीदार बँकेत असते, आणि ठेवविमाही त्या बँकेच्या नावेच लागू होतो. तिसरा गट पेमेंट्स बँकांचा आहे; नचिकेत मोर समितीच्या शिफारशींनंतर २०१५ मध्ये अकरा अर्जदारांना त्यासाठी तत्त्वतः मान्यता मिळाली, त्यांना कर्ज देता येत नाही आणि एका ग्राहकाची दिवसअखेरची शिलक आरंभी एक लाख व एप्रिल २०२१ पासून दोन लाख रुपयांच्या आत ठेवावी लागते. निती आयोगाने २०२२ च्या अहवालात पूर्ण डिजिटल बँकांसाठी परवान्याची चौकट सुचवली, तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष जागेत चालणारी ७५ डिजिटल बँकिंग केंद्रे देशभर उघडली गेली. धोरणाच्या पातळीवरही इमारत आणि पडदा यांच्यातील ओढाताण अजून मिटलेली नाही.

या निवडीत जोखीमही दोन्ही बाजूंना आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात अठ्ठावीस देशांतील एटीएम आणि परदेशी हस्तांतरण यांमार्गे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. म्हणजे १९०६ साली सभासदांच्या ओळखीवर उभी राहिलेली संस्थाही शाखा राखून जगभरच्या जाळ्याच्या धोक्यातून सुटली नाही. शाखेत खाते ठेवणाराही कोअर बँकिंगमुळे आज ऑनलाइन खातेदारच असतो. दुसरीकडे, माहिती तंत्रज्ञानातील त्रुटींवरून रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक घेण्यास मनाई केली, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. आणि पेटीएम पेमेंट्स बँकेला १५ मार्च २०२४ नंतर नव्या ठेवी घेण्यास बंदी झाली. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याच्या मागण्या आल्या, त्यावरून हेही दिसले की ठेवीदारांची रांग पडद्यावर लागली, तर तिला आवर घालायला कोणालाही वेळ मिळत नाही.

दाद मागण्याची जागा

नोंद मध्यवर्ती संगणकात गेली, ओळख सरकारी नोंदवहीत गेली, हमी कायद्यात गेली; शाखेत खऱ्या अर्थाने उरली ती चौथी गोष्ट, दाद मागण्याची जागा. बोटांचे ठसे जुळत नाहीत असा शेतमजूर, मोबाइल मुलाच्या हाती असलेली विधवा, खात्यातून अनोळखी रक्कम गेलेला निवृत्त शिक्षक यांच्यासाठी शाखेचे मोल आजही याच गोष्टीत आहे, की तिथे एक माणूस समोर बसलेला असतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. शाखारहित खात्यात या माणसाच्या जागी तक्रार क्रमांक येतो. कायद्याने ही पोकळी भरण्याचे काही प्रयत्न केले आहेत. बँकिंग लोकपाल योजना १९९५ पासून आहे आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचे एकत्रीकरण झाले. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, बँक किंवा ग्राहक यांच्यापैकी कोणाचीही चूक नसताना झालेला अनधिकृत व्यवहार ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर त्याच्यावर कोणताही भार येत नाही, असे ठरवले. १८७९ च्या कायद्यातील पासबुकाच्या हक्काचे हे आधुनिक वारस आहेत. मात्र त्या काळच्या शेतकऱ्याला पासबुकाचा हक्क आहे हेच बहुधा ठाऊक नसे, आणि आजच्या अनेक खातेदारांना तीन दिवसांची मुदत ठाऊक नसते. हक्क कागदावर असणे आणि तो वेळेवर वापरता येणे यांतले अंतर दीड शतकात पुरते मिटलेले नाही.

म्हणून शाखा सोडून शाखारहित खाते निवडणाऱ्याने व्याजदर आणि अॅपच्या देखणेपणाआधी पाहायचे ते हे, की ठेव नेमक्या कोणत्या परवानाधारक बँकेच्या देण्यात लिहिली जाते, तिला ठेवविमा लागू आहे का, व्यवहाराची प्रत स्वतःच्या हाती येते का, आणि काही बिघडल्यास कोणत्या दारात, कोणत्या भाषेत आणि किती दिवसांत उत्तर मिळेल. ज्याला या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळतात, त्याच्यासाठी शाखेचा पत्ता सोडणे हा तोटा नाही. ज्याला चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, त्याच्यासाठी गावातली शाखा बंद होणे ही नुकसानीची गोष्ट आहे, आणि ती तशी मोजली गेली पाहिजे.

या इतिहासातील प्रत्येक हक्क नुकसानीनंतर आला. सुप्यात रोखे जळाल्यावर पासबुकाचा हक्क आला, अकोला आणि पलाई येथील ठेवी बुडाल्यावर विमा आला, मुंबईतील ठेवीदार बंद दारापुढे ताटकळल्यावर नव्वद दिवसांची मुदत आली. शाखारहित बँकेच्या खातेदाराचा दाद मागण्याचा हक्क अजून घडतो आहे. तो या वेळी आधी घडला, समोरच्या माणसाइतका उत्तरदायी आणि मराठी बोलणाऱ्या खातेदाराला मराठीत उपलब्ध असा घडला, तर हुंडीपासून सुरू झालेल्या या परंपरेत प्रथमच असे होईल की ठेवीदाराला आपल्या हक्कासाठी आधी काही गमवावे लागले नाही.